दुधाआधीची आरती

माझा हात स्वस्थ बसत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. जेवायला बसलो की ताटाच्या कडेवर बोटं वाजतात, एस.टी.त बसलो की पुढच्या सीटच्या दांडीवर. मुलगी बघायला गेलतो तेव्हा सासरेबुवांच्या घरी पोह्यांच्या डिशवर मी केरव्याचा ठेका धरला होता, आणि बायको अजून ते आल्यागेल्याला सांगते. त्यामुळं गेल्या थंडीत हात खरोखरच हलायला लागला तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. आधी कळलं ते एका मशीनला, आणि मशीननं सांगितलं तर मी मशीनवरच उखडलो.

मशीन म्हणजे माझा सिंथ आणि त्याला वायरीनं जोडलेला सिक्वेन्सर. हे नीट सांगतो, नाही तर पुढचं कळायचं नाही. सिंथ म्हणजे पेटीसारख्या पट्ट्यांचं, पण विजेवर चालणारं वाद्य. त्यातनं बासरी काढा, सनई काढा, व्हायोलिन काढा. सिक्वेन्सर म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी चपटी पेटी. ती आवाज साठवत नाही. कुठली पट्टी दाबली, कधी दाबली, किती जोरानं दाबली आणि कधी सोडली, एवढंच लिहून ठेवते. बटण दाबलं की तसंच्या तसं सिंथकडून वाजवून घेते. तिला सूर कळत नाही, देव कळत नाही, तुमचं आमचं काही कळत नाही. नुसती नोंद.

मला हे आवडायचं, कारण माझी नोकरीच तशी. उचगावला एका वर्कशॉपात मी तपासणीला आहे. लेथवरनं आलेला माल मायक्रोमीटरनं मोजायचा, मापात बसला तर डावीकडं, नाही तर लाल खडूची फुली मारून उजवीकडं. माझ्या हातनं चुकीचा माल पुढं गेला असं पंचवीस वर्षांत झालेलं नाही, आणि हे मी सांगतो म्हणून नव्हे, ऑपरेटर लोक माझ्या नावानं जी बोटं मोडतात त्यावरनं समजा.

सुट्टीच्या आणि सणावाराच्या सकाळी मी पूजेला वाजवतो. आमचं घर जैन, मूळचं जयसिंगपूरच्या अलीकडच्या एका खेड्यातलं, आता दोन पिढ्या कोल्हापुरात. आमच्याकडं मोठ्या पूजेला मूर्तीवर पंचामृताचा अभिषेक असतो. आधी पाणी, मग नारळाचं पाणी, उसाचा रस, तूप, दूध, दही, असं चंदनापर्यंत. एकेका द्रव्याला एकेक कडवं. आणि कडवं किती वेळ चालायचं ते गाणारा ठरवत नाही, वाजवणाराही नाही. कलश घेऊन किती घरं पुढं येतात त्यावर ते असतं. एखाद्या घरातली सून, सासू, चार नातवंडं, सगळ्यांचा हात कलशाला लागल्याशिवाय पंडित पुढं सरकत नाहीत. शेवटचा कलश रिता झाला की पंडित उजवा हात जरासा वर करतात. तो हात बघायचा आणि कडवं मिटवायचं. वाजवणाऱ्याची निम्मी विद्या त्या हाताकडं बघत थांबण्यात असते.

गाणारा माझा मित्र. तो जैन नाही. बिद्रीकडचा मराठा शेतकरी, ऊस आणि चार म्हशी. पण आमच्या पूजेची कडवी त्याला जेवढी पाठ आहेत तेवढी आमच्या अर्ध्या गावाला नसतील. पहाटे धारा काढून मोटरसायकलवर निघतो, मानेवर उपरणं टाकतो आणि सातच्या ठोक्याला माइकपुढं उभा. आवाज खडा, पण त्यात एक गंमत होती. ओळीच्या मध्येच थांबायचा. डोळे मिटून, हात अर्धवट वर, असा थांबायचा की पुढचा शब्द विसरला की काय असं नवख्याला वाटावं. मला ठाऊक असायचं. मीही थांबायचो. तो श्वास घेऊन पुढच्या शब्दावर उतरला की माझं बोट तिथंच उतरलेलं असायचं. पंचवीस वर्षं असं चाललं होतं.

पूर्वी आमच्यात तबलजी आणि बासरीवाला होता. ते गेले आपापल्या उद्योगाला आणि आम्ही दोघंच उरलो, म्हणून ही सिक्वेन्सरची पेटी आली. तिच्यात मी ताल भरला, बासचे खर्जातले सूर भरले, मधली बासरी भरली. चाल मात्र मी हातानंच वाजवायचो. ताल तिकडं फिरत राहायचा, किती का वेळ फिरेना, आणि पंडितांचा हात वर गेला की मी बटण दाबून पुढच्या तुकड्यावर न्यायचो. म्हणजे गाडी तिची, पण लगाम माझा. यात कुणाला वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

मग थंडीत एका रविवारी दुपारी मी घरी नवीन चाल भरत बसलो होतो. भरून झाली, परत ऐकली, तर एक सूर दोनदा वाजला. म्हटलं बोट घसरलं असेल. पुन्हा भरली. पुन्हा तेच, दुसऱ्या जागी. सिक्वेन्सरच्या पडद्यावर एकेक नोंद ओळीनं बघता येते. ती उघडली. एक पट्टी, जोर नव्वद. लगेच खाली तीच पट्टी, जोर अकरा. सबंध चालीत अशा चौदा जागा. एखादं माणूस बोलताना शब्दाचं शेपूट पुन्हा हळूच म्हणतं ना, तसं.

मी काय केलं असेल? सिंथ उलटा केला आणि उघडला. पट्ट्यांच्या खाली रबरी बटणं असतात, त्यांत धूळ गेली की असा दोष येतो, हे मला माहीत होतं. जुन्या धोतराचा तुकडा आणि स्पिरिट घेऊन सगळी बटणं पुसली. जोडला, वाजवला. दोष तसाच. पुढच्या रविवारी परत उघडला. तिसऱ्या वेळेला अठ्ठावन्न स्क्रू चहाच्या ट्रेमध्ये मांडून बसलो होतो तेव्हा बायको दारात येऊन उभी राहिली.

"नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली.

"तुला यातलं काय कळतंय?"

"मला मशीनमधलं न्हाय कळत. मी चहाच्या कपाबद्दल बोलतो. सकाळी बशीत सांडला, दुपारी शर्टावर सांडला. ते पण रबर खराब हाय काय?"

आमच्याकडच्या बायका बाप्यासारखं 'बोलतो' म्हणतात आणि बाप्यासारखंच लागेल असं बोलतात. मला राग आला. इतका की एक स्क्रू ट्रेमधनं उडाला आणि कपाटाखाली गेला, तो अजून सापडलेला नाही. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपातनं लवकर सुटून मी सिंथ राजारामपुरीत एका दुरुस्तीवाल्याकडं नेला. म्हातारा गृहस्थ, डोळ्याला जाड चष्मा, टेबलावर उघडलेले रेडिओ. मी दोष सांगितला. त्यानं सिंथ चालू केला, माझा सिक्वेन्सर जोडला आणि स्वतः पाच मिनिटं एकेक पट्टी वाजवली. नोंद उघडली. एकही सूर दोनदा नाही. मग त्यानं सिंथ माझ्याकडं वळवला.

"तुमी वाजवा."

मी वाजवलं. त्यानं पडदा बघितला, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या हाताकडं बघितलं.

"पावणं, मशीन झ्याक हाय. बोट डाक्टरला दावा."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला नाही नाही ते बोललो. तुम्हाला येत नाही, तुमचे हे रेडिओ भंगारात टाका, असलं. सिंथ काखोटीला मारून तडक निघालो आणि शाहू मिलपर्यंत आल्यावर लक्षात आलं की अ‍ॅडॉप्टर तिथंच राहिला. परत गेलो. त्यानं वायर गुंडाळून ठेवलेला अ‍ॅडॉप्टर हातात दिला. पैसे विचारले तर नको म्हणून मान हलवली. त्या मान हलवण्यानं मी पुरता वरमलो. गाडीत बसलो आणि किल्ली लावता लावता पहिल्यांदा माझ्या हाताकडं, माझा म्हणून नव्हे, तपासणीला आलेला माल म्हणून बघितलं. अंगठ्याशेजारचं बोट हलत होतं. मापात नव्हतं.

डॉक्टर भले होते. म्हणाले, हा कंप आहे, जिवाला धोका नाही, गोळी देतो, चहा बंद करा. वाढेल का, कमी होईल का? सांगता येत नाही म्हणाले. काही काम करताना वाढतो, विशेषतः बारीक काम. आणि कुणी बघतंय म्हटलं की आणखी वाढतो. मी हो हो केलं आणि बाहेर आलो. माझ्या डोक्यात एकच होतं. वाजवायचं बंद झालं तर मी कोण? मापं घेणारे छप्पन्न मिळतील. सकाळी सातला वेदीच्या शेजारी बसून सबंध मंडपाला धरून ठेवणारा मी, तो गेला तर मागं उरतो तो लाल खडूवाला. हे मी बायकोला सांगितलं नाही. मित्राला तर नाहीच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकायला सिक्वेन्सरसारखी दुसरी सोय नाही. मी सगळ्या चाली घरी भरल्या आणि पडद्यावर बसून जोर अकरा, जोर नऊ, जोर तेरा अशा सगळ्या हलक्या ओळी एकेक करून पुसल्या. तांदळातले खडे वेचतात तसं. वर्कशॉपातनं आलो की तेच. जेवताना तेच डोक्यात. पुसून झालं की चाल अशी चोख वाजायची की मी आयुष्यात कधी तशी वाजवली नव्हती. मग पुढची पायरी. सिंथमध्ये हाताखालच्या पट्ट्या मुक्या करायची सोय असते. पट्ट्या दाबा, कितीही दाबा, आवाज येत नाही. आवाज फक्त सिक्वेन्सरकडनं येतो. त्या मुक्या केल्या. पण चाल पेटीत भरायची म्हणजे सबंध गाणं एका माळेत ओवावं लागतं. पाण्याचं कडवं इतकी आवर्तनं, उसाच्या रसाचं इतकी, तुपाचं इतकी, आणि शेवटी आरती, दुप्पट लयीत, घंटेसकट. प्रत्येक कडवं किती चालेल ते मी अंदाजानं धरलं. पंचवीस वर्षांचा अंदाज, चुकायचा कशाला?

आणि चुकला नाही, बरेच महिने. मी मुक्या पट्ट्यांवर बोटं फिरवायचो, मशीन वाजवायची, लोक म्हणायचे आज रंगला कार्यक्रम. घरी येऊन मी पुढच्या रविवारची माळ ओवायला बसायचो. झोप लागायची नाही, बसवत नव्हतं, कुठं मन रमत नव्हतं. कुणी "छान वाजवलंत" म्हटलं की त्याला एक ठेवून द्यावी असं वाटायचं.

त्यातच मित्राचं एक नवीन खूळ सुरू झालं. तो कायम माझ्या डाव्या हाताला उभा राहायचा. कारण वेदी उजवीकडं, मला पंडितांचा हात दिसायला उजवी बाजू मोकळी हवी. संक्रांत झाल्यावर एका पूजेला त्यानं माइकचा स्टँड उचलला आणि माझ्या उजवीकडं, जरा पुढं, मांडला. मी म्हटलं, "तिकडं कुठं?" तर म्हणाला, "हितं आवाज चांगला येतोय." झालं. तेव्हापासनं तो तिथंच. त्याची पाठ, त्याचं ते उपरणं, आणि त्याच्यापलीकडं पंडित. मला काही दिसायचं नाही आणि लोकांनाही मी अर्धाच दिसायचो. मनात म्हटलं, ह्याला आता पुढं पुढं करायची हौस आलीय. पन्नाशी उलटल्यावर माणसाला असलं सुचतं. बायकोपाशी मी त्याला भरपूर शिव्या घातल्या. पण त्याला दोनदा सांगून तिसऱ्यांदा सांगितलं नाही, कारण खरं म्हणजे पंडितांचा हात बघायची मला गरज उरली नव्हती.

आणखी एक बदल झाला होता, तो मी त्याची सुधारणा म्हणून धरला. तो मध्येच थांबायचा बंद झाला होता. ओळ सुरू केली की सरळ टोकाला नेऊन सोडायचा, तालात, मोजून. मी मनाशी म्हणालो, मशीननं ह्यालाही शिस्त लावली. हे आता लिहायलाही लाज वाटते.

मग ती पूजा. गावाचं नाव सांगत नाही. मंडप भरलेला, सकाळचे साडेनऊ असतील. पाणी झालं, नारळाचं पाणी झालं, उसाचा रस झाला, तूप झालं. माळेप्रमाणं दुधाचं कडवं सुरू झालं. माझी बोटं मुक्या पट्ट्यांवर फिरतायत, समोर मित्राची पाठ. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की हा गडी दुधाचीच ओळ परत परत घोळवतोय. माळ दह्यावर गेली, चाल सगळ्या कडव्यांची एकच, त्यामुळं लोकांना काही कळलं नाही, पण हा अजून दूधच म्हणतोय. चंदनाचं कडवं आलं, तरी दूध. मला वाटलं, शब्द विसरला. घाम फुटला आणि रागही आला. घसा खाकरून मी त्याला दोनदा इशारा दिला. तो ढिम्म.

झालं असं होतं की दूधच आलेलं नव्हतं. ज्या घराकडं दुधाचा मान होता त्यांची गाडी वाटेत पंक्चर होऊन उभी होती. पंडित रिता कलश घेऊन मूर्तीशी थांबलेले, तुपानं न्हालेली मूर्ती तशीच, आणि सगळा मंडप वाट बघतोय. हे सगळं सगळ्यांना दिसत होतं. फक्त मला नाही, आणि माझ्या मशीनला नाही.

आणि आरती सुरू झाली. दुप्पट लय, घंटा, सनई, सगळं. पुढच्या रांगेतल्या बायका गडबडून उठल्या, कुणी निरांजन पेटवायला काडी ओढली, कुणी म्हणालं, अहो दूध राहिलं की. पंडित वळून आमच्याकडं बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्याचा एवढा भाग मला मित्राच्या खांद्यावरनं दिसला. मी घाबरून दोन्ही हात पट्ट्यांवरनं उचलले.

मी हात उचलले आणि आरती वाजतच राहिली.

पंचवीस वर्षं ज्या लोकांपुढं वाजवलं त्यांच्यापुढं माझे दोन्ही हात हवेत आणि सनई चालू. त्या दोन-चार सेकंदांत मला बटण दाबायचंही सुचलं नाही. मंडपाची जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मी डोळे वर करून लोकांकडं बघितलं. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. कुणाला मी दिसतच नव्हतो. मध्ये मित्र उभा होता, उपरण्यासकट, आणि त्यानं उजवा हात वर करून लोकांना बसायची खूण केली होती. त्याच वेळी त्याचा डावा हात मागं आला. मागं न बघता, न चाचपडता, सरळ सिक्वेन्सरवर आला, आणि एका बोटानं त्यानं थांबायचं बटण दाबलं. सात बटणं आहेत त्या पेटीवर. त्याला बरोबर ते माहीत होतं.

मंडपात एकदम शांतता झाली. त्यानं त्या शांततेत दुधाची ओळ उचलली, एकट्याच्या आवाजात, ताल नाही, सूर नाही. लोक खाली बसले. ओळ संपवून तो मान न वळवता हळूच म्हणाला, "आता तू वाजीव."

मी पट्ट्या बोलत्या केल्या. ते करताना बोट तीनदा चुकीच्या बटणावर पडलं. मग वाजवलं. सूर दोनदा वाजत होते, एक मोठा आणि मागनं एक बारका, आणि ते स्पीकरमधनं सबंध गावाला ऐकू जात होते. गाडी आली, दुधाच्या किटल्या आल्या, पंडितांनी पहिला कलश घेतला. मी डावीकडं वाकून, मान लांब करून, त्यांच्या हाताकडं बघत राहिलो. दूध कुणामुळं राहिलं याचीच चर्चा मोठी होती.

पंगत उठल्यावर आम्ही गाडीत सामान भरत होतो. तो दोरी आवळत होता.

"कवाधरनं ठावं हाय?" मी विचारलं.

"संक्रातीपासनं."

"कसं कळलं?"

"चहा सोडलास की तू. अन् मी ओळीत थांबलो तर तू थांबंनास. पंचवीस वर्षं थांबतोयस मर्दा. एका दिवसात कसं काय सोडशील? मग बघितलं तर पेटीवरचा दिवा लुकलुकतोय अन् तुजी बोटं एकीकडं, सूर एकीकडं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू बोलशील म्हनून वाट बघितली."

मी सिक्वेन्सरची वायर गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. शेवटी विचारलं, "अन् उजवीकडं कशापायी उभा ऱ्हायलास?"

त्यानं गाठ मारली, ओढून बघितली. "लोकास्नी लई दिसतंय समोरनं," तो म्हणाला. मग आपल्या मोटरसायकलवर टांग टाकता टाकता परत वळला. "पर एक सांगतो. लई पळवलंस मला. थांबाय मिळंना कुठं. दम लागतोय."

तो गेला आणि मी गाडीत बसून राहिलो. मला रडू आलं. सहा-सात महिने मी त्याला शिव्या घालत होतो आणि तो माझ्या हातापुढं पडदा होऊन उभा होता. त्यावर कहर म्हणजे, गाण्यातली स्वतःची ती थांबायची जागा, ज्यासाठी लोक त्याला लांबनं बोलावतात, ती त्यानं माझ्या मशीनपायी सोडून दिली होती. मी माझी मूठ झाकली आणि गळा त्याचा दाबला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता त्या पेटीतलं काढून टाका ते. मग जेवा." मी माळेतल्या सगळ्या चाली पुसल्या. ताल ठेवला, बास ठेवला. पुसायला चार मिनिटं लागली, भरायला अर्धं वर्ष गेलं होतं.

मधल्या आठवड्यात तो घरी आला, मीच म्हटलं, एकदा सरावाला बसू. बसलो. आणि काय सांगू, जमेना. तो ओळीत थांबायचा विसरला होता आणि मी पुढं जायला घाबरत होतो. एकदा तो थांबला तर मी पुढं गेलो, एकदा मी थांबलो तर तो पुढं गेला, आणि एकदा दोघंही एकमेकांसाठी एवढे थांबलो की स्वयंपाकघरातनं बायकोनं विचारलं, लाइट गेली काय. आम्ही हसलो, पण त्याच्या हसण्यात नेहमीचा मोकळेपणा नव्हता आणि माझ्याही नव्हता. गोळीनं कंप थोडा उतरलाय. थोडाच. मायक्रोमीटर आता मी डाव्या हातानं फिरवतो आणि साहेबांना तसं सांगून टाकलंय.

पुढच्या पूजेला मी अर्धा तास आधी पोचलो. बसवत नव्हतं, सारखा उठून वायरी बघत होतो. तो आला, हात धुतले, उपरणं नीट केलं आणि सवयीनं स्टँड उचलून माझ्या उजवीकडं निघाला. मी उठलो. त्याच्या हातनं स्टँड घेतला आणि माझ्या डावीकडं, पूर्वीच्या जागी, नेऊन ठेवला. त्यानं एकदा स्टँडकडं बघितलं, एकदा माझ्या हाताकडं.

"दिसंल की," तो म्हणाला.

"दिसू दे."

पाण्याचं कडवं सुरू झालं. उजवीकडं वेदी मोकळी होती, पंडित सबंध दिसत होते. पुढच्या रांगेतल्या एका आक्कांनी शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि हनुवटीनं माझा हात दाखवला. मी ते बघितलं आणि वाजवत राहिलो. दुसऱ्या ओळीत शिरल्यावर तो मध्येच थांबला. डोळे मिटले, हात अर्धवट वर. ताल फिरत होता. माझं बोट पट्टीवर, न दाबता, थरथरत होतं, सबंध मंडपाला दिसेल असं. मी थांबलो.